दाखला काढून देऊन काय होणार?

वर एका दादांनी लिहिलंय की वर्गात मारामारी, फेकाफेक करणाऱ्या पोराचा सरळ दाखला काढून द्या, बाकीच्यांचं नुकसान कशाला. दादा, आठवीपर्यंत असं काढता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ बघा. आणि कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद (टोमणे पण त्यातच आले माझ्या मते).

मी कोपरखैरण्याला शिकवते. चौथीतला एक मुलगा, कंपास भिरकावणार, बाक ढकलणार, सगळे म्हणायचे लाडावलाय. समुपदेशक मॅडमनी फक्त एक वही ठेवायला लावली, कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर आपण काय केलं. तर निघालं काय, फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की हा सुरू, आणि आम्ही त्याला बाहेर उभं करायचो म्हणजे लिहिण्यातून सुटकाच की! मग उतारा छापून बाकावर द्यायला लागलो, फार चुळबूळ दिसली की हजेरीपट घेऊन ऑफिसात पाठवायचं. पूर्ण थांबलं नाहीये, पण कंपास आता बऱ्यापैकी दप्तरात असतो.

अडचण ही की मॅडम आठवड्यातून एकदाच येतात, बाकी दिवस सगळं आमच्याच गळ्यात. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय, पालकसभेत विचारा ना कोणीतरी, आम्ही विचारलं की तोंडं वाकडी होतात. लिहिण्यावाचण्याचाच त्रास वाटत असेल तर वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) आहे, तिथे चौकशी करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण फुकट आहे, पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.