ऑक्टोबरातले प्राग : बॅगेत काय, अंगावर काय? (अनुभव धागा)

आवाहन

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात येते, आणि त्या सुट्टीला जोडून मध्य युरोपात जाणारी कुटुंबे नेमकी अशा वेळी प्रागला पोहोचतात, की तेथे उन्हाळा संपलेला असतो पण हिवाळा अजून नीट सुरू झालेला नसतो. भर हिवाळ्यात काय न्यावे याबद्दल कोणाचे दुमत नसते. या अधल्यामधल्या ऋतूबद्दल मात्र एक जण साधा स्वेटर पुरे म्हणतो, तर दुसरा गुडघ्यापर्यंतचा कोट घ्यायला लावतो. ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारी साधारण १३-१४ अंश आणि पहाटे ५ अंशांच्या आसपास तापमान असते, हे कोणीही पाहू शकतो. त्या आकड्यांचा अंगावरच्या कपड्यांशी प्रत्यक्ष संबंध कसा लागतो, हे जाऊन आलेल्यांनी आणि तेथे राहणाऱ्यांनी लिहावे. व्हिसा, हॉटेले आणि खाण्याच्या जागा यांची चर्चा कृपया येथे नको.

मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त प्रागमध्ये राहणारा

येथे येणारे पाहुणे बाहेरच्या थंडीची तयारी करून येतात आणि आतल्या उबेने बेजार होतात. दिवसाचे सरासरी तापमान सलग दोन दिवस १३ अंशांच्या खाली राहिले आणि लगेच वाढण्याची चिन्हे नसली, की केंद्रीय व्यवस्थेतून इमारती तापवायला सुरुवात करायची असा येथला नियम आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापासून दुकाने, ट्राम, संग्रहालये आणि राहती घरे बरीच उबदार असतात. दिवसभरात आपण अनेकदा आत-बाहेर करतो आणि दर वेळी तो एकच जाड कोट काढून हातावर वागवावा लागतो. त्याऐवजी तीन थर ठेवावेत : अंगालगत पातळ लोकरीचा किंवा थर्मलचा बनियन, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे, एक माप मोठे जाकीट.

अंगालगत सुती बनियन घालू नये हे मी सर्वांना आवर्जून सांगतो, आणि तेच कोणी ऐकत नाही. किल्ल्याच्या पायथ्याच्या माला स्त्राना या वस्तीच्या बाजूने पायऱ्या चढून वर जाताना घाम येतो. वर पोहोचल्यावर किल्ल्याच्या दारासमोरच्या उघड्या चौकात वारा असतो, आणि सुती कापड तो घाम तासभर धरून ठेवते. आपल्या हवेत सुती कापडाचा जो गुण आहे, तोच तेथे अंगावर येतो.

आता पायांविषयी. जुन्या शहरातले पदपथ आणि बहुतेक गल्ल्या लहान-लहान दगडी चौकोनांनी बांधलेल्या आहेत. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या दगडांची पाठ गुळगुळीत झालेली असते आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर ओली पाने पडतात. जाड रबरी तळव्याचे, टाच पक्की धरणारे आणि घरी निदान दोन आठवडे वापरून मऊ केलेले बूट असावेत. पातळ तळव्याच्या कॅनव्हास बुटांतून दगडांचा गारवा आणि कडा दोन्ही जाणवतात.

कोणा चेक कुटुंबाकडे जाण्याचा योग आला तर बूट दाराशी काढावे लागतात आणि यजमान बहुधा घरात घालायच्या सपाता पुढे करतात. आपल्याला ही रीत शिकवावी लागत नाही, परंतु भोके पडलेले मोजे घरीच ठेवावेत.

पुण्याहून, सहलीहून नुकतीच परतलेली

आमच्यासमोरचा पहिला प्रश्न हा होता की सप्टेंबरच्या शेवटी पुण्यात लोकरीचे कपडे मिळणार कोठे? रस्त्याकडेला स्वेटर विकणारी तिबेटी मंडळी दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, तोवर आपली विमाने निघून गेलेली असतात. खेळाच्या आणि गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानांत मात्र थर्मल व पातळ फ्लीस बारा महिने असते. ट्रेकला जाणाऱ्यांच्या घरी तर यातले निम्मे सामान आधीच असते. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मुक्काम करताना जे अंगावर घालतो, ते जवळजवळ तसेच्या तसे आम्ही प्रागमध्ये वापरले.

आपल्याकडचा पावसाळी रेनकोट मात्र नेऊ नये. तो सह्याद्रीच्या धारांसाठी बनवलेला असतो. प्रागचा ऑक्टोबर तुलनेने कोरडा महिना आहे आणि पडतो तो पाऊस म्हणजे बहुतेक वेळा भुरभुर. रेनकोटचे जाड प्लॅस्टिक हवा अजिबात खेळू देत नाही, म्हणून आतून भिजायला होते. टोपी असलेले हलके जलरोधक जाकीट उत्तम. छत्री लहान घडीची असावी, आणि चार्ल्स पुलावर ती उघडू नये, कारण नदीवरून येणारा वारा तिच्या काड्या उलट्या करतो आणि गर्दीत शेजाऱ्याच्या डोळ्याला धोका होतो.

ठाण्याहून, निवृत्त शिक्षिका

मी आयुष्यभर साडी नेसत आले आहे. वयाच्या सत्तरीजवळ केवळ प्रवासासाठी पँट घालायला लागावे, हे मुलाने सुचवले तरी मला पटले नाही. साडी नेसून ऑक्टोबरात प्राग आरामात पाहता येते, मात्र तिची जुळवाजुळव वेगळी करावी लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

परकराच्या आत लोकरीमिश्रित थर्मल लेगिंग घालावी. ती घोट्यापर्यंत असावी आणि तिच्यावर उंच मोजे ओढावेत, म्हणजे मधली फट उघडी राहत नाही. परकर सुती न घेता सॅटिनचा घ्यावा, नाहीतर तो लेगिंगला चिकटून वर चढत राहतो. ब्लाउजऐवजी मी बंद गळ्याचे, पूर्ण बाह्यांचे लोकरी बनियन वापरले. पदराखाली ते शोभूनही दिसते. साडी रेशमी किंवा रेशीम-सुती मिश्र असावी. रेशीम उबदार असते, वजनाला हलके असते आणि बॅगेत जागा कमी घेते. सुती साड्या गारठतात आणि भिजल्या तर खोलीत लवकर वाळत नाहीत.

नेसताना साडी नेहमीपेक्षा चार बोटे वर नेसावी. ओल्या दगडांवर फॉलची कड आधी भिजते, तो ओलावा वर चढतो आणि मग सबंध दिवस पायांत ओलसरपणा राहतो. खाली सरळ स्पोर्ट्स शूज घालावेत. कोणी पाहत नाही, आणि पाहिलेच तर कौतुकाने पाहतात. पदर कोटाच्या आत कमरेशी खोचून कोट गुडघ्याच्या थोडा वरपर्यंत असेल असा घ्यावा. अगदी लांब कोट पायऱ्या चढताना निऱ्यांत अडकतो आणि प्रागमध्ये पायऱ्यांना तोटा नाही. शाल अवश्य न्यावी. ती विमानात पांघरूण होते, चर्चमध्ये डोक्याभोवती घेता येते आणि चौकातल्या गार बाकावर बसण्याआधी घडी करून खाली घालता येते.

धागा सुरू करणाऱ्याकडून

साडीविषयीचा इतका बारकाईचा मजकूर मी अन्यत्र वाचलेला नाही. पुरुषांनीही कानटोपी, मफलर आणि हातमोजे यांविषयी लिहावे, अशी विनंती करतो.

नागपूरहून

विनंतीप्रमाणे कानटोपीबद्दल लिहितो. ती डोक्याला घट्ट बसणारी, साधी लोकरी असावी आणि सदैव खिशात असावी, कारण तिचा उपयोग थंडीपलीकडेही आहे. किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये शिरताना पुरुषांनी टोपी काढायची असते, तर योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतल्या, तेराव्या शतकापासून उभ्या असलेल्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) पुरुषांनी डोके झाकायचे असते. तेथे टोपी मिळते, पण आपली कानटोपी चालते. हातमोजे पातळ घ्यावेत. जाड हातमोज्यांनी ना तिकीट निघत, ना फोन चालत. फोनवरून आठवले, चार्जरबद्दलही सांगतो : तेथे भिंतीतल्या सॉकेटमध्ये मध्येच एक खिळा बाहेर आलेला असतो, त्यामुळे आपली तीन पिनांची जाड प्लग बसत नाही, मात्र मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना बहुधा बसतात.

नाशिकहून, दोन मुलांसह गेलेले दांपत्य

आम्ही २७ ऑक्टोबरच्या रात्री उतरलो आणि चार बॅगांपैकी एक वाटेतल्या विमानतळावरच राहिली. सकाळी जाऊन गरजेचे कपडे घेऊ, असा विचार करण्याची सोय नव्हती. २८ ऑक्टोबर हा १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्याचा राष्ट्रीय दिवस आहे, आणि २०१६ च्या कायद्यानुसार २०० चौरस मीटरहून मोठी दुकाने त्या दिवशी बंद ठेवावी लागतात. २८ सप्टेंबरलाही हेच लागू आहे. लहान दुकाने आणि मुख्य रेल्वे स्थानकातली दुकाने त्यातून वगळलेली असल्याने काही अडले नाही, पण मुलांच्या मापाचे जाकीट त्या दिवशी मिळाले नसते.

आमची बॅग हरवल्याचा त्रास कमी झाला, तो बॅग भरण्याच्या पद्धतीमुळे. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवलेला होता आणि चौघांची जाकिटे व बूट विमानात अंगावरच होते. बूट जड असल्याने बॅगेचे वजनही वाचले. लांबच्या प्रवासात पाय सुजतात, म्हणून तेवढ्या नाड्या सैल कराव्यात. चाकांच्या बॅगेबद्दलही सांगतो : चार लहान चाकांची बॅग विमानतळावर फार छान पळते आणि दगडी गल्लीत अडून बसते. दोन मोठ्या चाकांची, मागे ओढायची बॅग किंवा पाठीवरची सॅक बरी. जुन्या इमारतीतल्या घरांत राहणार असाल तर लिफ्ट आहे का, हे विचारून मगच बॅगेचे आकारमान ठरवावे. लहान मुलाची गाडीही मोठ्या चाकांचीच हवी.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्याआधी महिन्याच्या मध्यावर सूर्य सहानंतर मावळतो. त्यानंतर मात्र पावणेपाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. म्हणजे रोजची पायपीट तीच असते, पण तिचा बराच भाग रात्रीच्या थंडीत होतो. सुट्टी या रविवारच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहून दुसरा स्वेटर घ्यायचा की नाही ते ठरवावे.

रत्नागिरीहून

आमच्या दमट हवेतून गेलेल्यांना तिथल्या कोरड्या, तापवलेल्या खोल्यांत ओठ आणि टाचा फुटण्याचा त्रास लगेच होतो. मुठेलाचा (कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा) एक लहान गोळा डबीत न्यावा. घट्ट असल्याने सांडत नाही आणि हातावर घासले की वितळते. दिवाळीच्या दिवसांत जाणारे फराळ नेतात, म्हणून हेही लिहितो : युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, तेव्हा पेढे, बर्फी आणि घरच्या तुपाची बरणी येथेच ठेवावी. ताज्या कढीपत्त्यालाही प्रमाणपत्राविना परवानगी नाही. चिवडा, शंकरपाळे, चकल्या तेलातल्या कराव्यात.

मुंबईहून, संगीतासाठी गेलेली

प्रागला जाऊन एकही मैफल न ऐकता परतणे मला शक्य नव्हते, आणि मैफलीच्या कपड्यांविषयी कोणी लिहिलेले नाही. जुन्या शहरातले एस्टेट्स थिएटर १७८३ सालचे आहे, आणि मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग तेथे २९ ऑक्टोबर १७८७ रोजी झाला. अशा नाट्यगृहात आणि नदीकाठच्या रुडॉल्फिनम या संगीतगृहात स्थानिक श्रोते नीटनेटके येतात. पुरुषांना जाकीट व बंद बूट, स्त्रियांना साधी रेशमी साडी किंवा चांगला कुडता पुरतो. जीन्स घातल्याने कोणी दारातून परत पाठवत नाही, पण आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. प्रेक्षागृहात ओव्हरकोट न्यायचा नसतो. तो आधी कपडेघरात द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा, त्यामुळे पैसे, फोन आणि औषधे कोटाच्या खिशात ठेवू नयेत. आत ऊब असते.

चर्चमधल्या मैफलींचे गणित नेमके उलटे आहे. त्या इमारती तापवलेल्या नसतात, किंवा नावापुरत्या तापवलेल्या असतात, आणि दगडाने साठवलेली थंडी तास-दीड तास एका जागी बसल्यावर तळपायांतून वर येते. बाहेर चालताना जे कपडे पुरले होते, ते तेथे अपुरे पडतात. हाच अनुभव किल्ल्यातल्या व्लादिस्लाव सभागृहातही येतो. जेथे एके काळी घोड्यांवरून भाल्यांचे सामने खेळले जात, एवढी ती जागा मोठी आहे, आणि मार्गदर्शकाचे बोलणे ऐकत आपण मात्र निश्चल उभे असतो. म्हणून माझ्या मते दुसरा स्वेटर नेण्यापेक्षा लोकरी मोज्यांचा एक जास्तीचा जोड पर्समध्ये ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. मैफलीआधी पायांतले दमट मोजे बदलले, तर बाकीच्या अंगाला फारशी तक्रार राहत नाही.

ठाण्याहून, वरच्याच शिक्षिका

मोज्यांविषयी पूर्ण सहमत आहे. साडीला एक अपवाद राहून गेला होता, तो लिहिते. प्रागहून आगगाडीने तासाभरावर असलेल्या कुत्ना होरा येथे चांदीच्या जुन्या खाणीत उतरवतात. खाली बाराही महिने साधारण १२ अंश तापमान असते, बोगदे काही जागी एक माणूस जेमतेम तिरका जाईल इतके अरुंद आहेत, पायऱ्या ओल्या आहेत, आणि प्रत्येकाला पांढरा डगला, शिरस्त्राण व दिवा दिला जातो. त्या दिवशी मी सुनेचा सलवार-कुडता घातला आणि ओढणी वरच ठेवली. अंबाडा घालणाऱ्यांनी तो मानेवर खाली बांधावा, म्हणजे शिरस्त्राण नीट बसते.