मीटर रूमपुढची पांढरी गाडी कोणाची आहे?

वहिनी, बी-२०३ (सकाळी ७.०४): मीटर रूमपुढं रात्रीपासून पांढरी ट्रॅव्हलर मिनीबस उभी आहे, ती कोणाची? माझी स्कूटी मागं अडकलीय. पोरीचा क्लास साडेसातला आहे.

वहिनी, बी-२०३: कोणीतरी उत्तर द्या. एवढी मोठी गाडी कोणाला दिसलीच नाही असं कसं होईल?

चेअरमन काका: सर्व सभासदांना सुप्रभात. बाहेरच्या गाड्या गेटबाहेर लावाव्यात असे मागील सभेत एकमताने ठरले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी, ही नम्र विनंती 🙏

तात्या, ए-१०२: एकमताने नाही. मी हात वर केला नव्हता.

सर, बी-१०१: वहिनी, माफ करा. गाडी मी आणली आहे. मालकाने दोन दिवस बघायला दिली आहे. चावी घेऊन खाली आलोच.

वहिनी, बी-२०३: निघाली स्कूटी. धन्यवाद सर. पण परत तिथं लावू नका, हात जोडून सांगते. मागच्या वेळचं सिमेंटच्या पोत्यांचं प्रकरण आठवतंय ना सगळ्यांना.

बापू ट्रॅव्हल्स: सर, ट्रॅव्हलर? आमच्या धंद्यात उतरताय का काय 😄

सर, बी-१०१: नाही हो बापू. कॅम्परव्हॅन करून घ्यायचा विचार आहे. झोपायची सोय असलेली गाडी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, हिला हंपी बघायची आहे. गाडी साडेसात लाखाला सांगतोय. आत पलंग, ओटा, फ्रिज, एसी बसवायला दुसऱ्या एकाने साडेपाच सांगितले. माझी तयारी दहापर्यंत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मामा, सी-१०४: कॅम्पर म्हणजे ती बोलेरो कॅम्परच का? माझ्या मेव्हण्याकडं आहे. पाच माणसं पुढं, द्राक्षाचे क्रेट मागं.

बंटी (पुणे): मामा ती पिकअप आहे. नाव कॅम्पर असलं तरी तिच्यात झोपता येत नाही.

मामा, सी-१०४: मेव्हणा झोपतो की, हौद्यात. चादर टाकून.

तात्या, ए-१०२: सर, आपल्या पार्किंगच्या बीमची उंची ७ फूट १० इंच आहे. गाडीची किती?

अण्णा गॅरेज: सर नमस्कार. साडेसात देऊ नका. आधी मला दाखवा. टायरवर चार आकडे असतात ते बघितले का? ३११९ असलं तर २०१९ चा ३१ वा आठवडा. टायर दिसायला नवीन आणि तारीख जुनी असली तर सहा टायरचा खर्च धरायचा. आणि नंबरची पाटी पिवळी, म्हणजे धंद्याची, का पांढरी, म्हणजे घरची?

सर, बी-१०१: पिवळी. पांढरी करून देतो म्हणतोय.

बापू ट्रॅव्हल्स: म्हणू दे. परमिट सरेंडर, टॅक्सचा फरक, कर्ज फिटल्याचं फायनान्सचं एनओसी, हे सगळं त्याच्या नावावर असतानाच त्यानं करून द्यायचं. मग पैसे. हा माझा अनुभव आहे, बोललो तर लांबेल.

चेअरमन काका: सर, आपल्या लायसनवर एवढी गाडी चालेल का? सोसायटीच्या आवारात काही झाल्यास जबाबदारी येते.

बापू ट्रॅव्हल्स: चालेल काका. ७५०० किलोपर्यंत भरलेलं वजन म्हणजे एलएमव्ही, हलकं वाहन. ट्रॅव्हलर त्याच्या आतच येते. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंही सांगितलं की त्या वजनापर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीसुद्धा एलएमव्ही लायसनवर चालते.

अण्णा गॅरेज: लायसनचं टेन्शन नाही सर. टेन्शन आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचं आहे. सीट काढून पलंग टाकला की गाडी कंपनीनं पास केलेली राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. मोटर कॅरव्हॅनला, म्हणजे अशा झोपायच्या गाडीला, वेगळं स्टँडर्ड आहे, एआयएस १२४. जो साडेपाच लाख मागतोय त्याला एकच विचारा, आरसीवर नोंद करून देणार का? नाही म्हणला तर उद्या ॲक्सिडेंटला इन्शुरन्सवाला हात वर करतोय. फर्निचर बघून भुलू नका सर, कागद बघा.

तात्या, ए-१०२: बीम ७ फूट १० इंच.

डॉक्टर मॅडम: सर, कल्पना फार छान आहे. तुम्ही दोघं खरंच जा. फक्त एसी रात्री कसा चालवणार ते विचारलंत का?

बापू ट्रॅव्हल्स: इंजिन चालू ठेवायचं. आमचे ड्रायव्हर तसेच झोपतात.

डॉक्टर मॅडम: बापू, असं कृपया कोणाला सांगू नका. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपल्यावर कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेली आहेत. त्याला वास नसतो. झोपेतच जातात. तुमच्या ड्रायव्हरांनाही आजच सांगा.

बापू ट्रॅव्हल्स: बरं मॅडम. सांगतो. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून बोललो.

बंटी (पुणे): बॅटरीवर एसी पण विसरा. १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर) म्हणजे १२०० वॅट-अवर. एक टनाचा एसी तासाला हजार वॅट-अवरच्या आसपास खातो. तासाभरात बॅटरी संपली. फॅन २५ वॅट, तो रात्रभर चालेल. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला ४००-५०० धरा. टपावर २०० वॅटचं पॅनेल टाकलं तर आपल्या सोलापूरच्या उन्हात तेवढं सहज भरून निघतं. इंडक्शन नको, ते एकटंच दीड-दोन हजार वॅट ओढतं.

मामा, सी-१०४: घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी टाकली तर? माझ्याकडं एक पडून आहे. सरांना देतो, पैसे नको.

बंटी (पुणे): नको मामा. पन्नास-साठ किलोची असते, निम्मीच वापरायची, आणि चार्ज होताना त्यातून गॅस सुटतो. झोपायच्या जागेत ती नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या.

मामा, सी-१०४: मी चांगल्या मनानं म्हणलं होतं.

सर, बी-१०१: मामा, तुमचं मन कळतं हो. धन्यवाद. बंटी, मी हे वहीत लिहून घेतो आहे. पाण्याची टाकी ८० लिटरची म्हणतो तो.

वहिनी, बी-२०३: ८० लिटर कुठून भरणार सर? इथं पाच दिवसांआड पाणी येतंय. परवा वरच्या मजल्यावर भांडी घासायला नव्हतं.

तात्या, ए-१०२: टँकरचा मार्चचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही. हे मी तिसऱ्यांदा विचारतोय.

चेअरमन काका: तात्या, हिशोब नोटीस बोर्डवर लावला आहे. पाहण्याची तसदी घ्यावी.

तात्या, ए-१०२: बोर्डला कुलूप आहे. काच धुळीनं भरलीय. वाचून दाखवा.

चेअरमन काका: मी नोकर नाही आपला.

ॲडमिन: दोघांनी पर्सनलवर बोला ही विनंती. उजनी धरणाची पाण्याची लाइन, टँकर, सगळं रविवारच्या मीटिंगला घेऊ. सरांचा विषय चालू आहे.

सर, बी-१०१: वहिनी, टाकी आमच्या घरच्या वाट्यातूनच भरेन. सोसायटीचा एक थेंब जास्त घेणार नाही. शब्द देतो.

वहिनी, बी-२०३: तसं नाही सर. तुमच्याबद्दल नाही ते. सकाळपासून डोकं फिरलंय एवढंच.

अण्णा गॅरेज: ८० लिटर म्हणजे ८० किलो, हे पण लिहा सर. १८ एमएमच्या प्लायचा एक पूर्ण शीट तीस किलोच्या वर. हे लोक चार-पाच शीटचं कपाट करतात, वर सनमायका. घरात बसवल्यासारखं. गाडी घाटात ब्रेकला जड जाते. हलकं करायचं, आणि जड वस्तू पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, खाली. मागं टोकाला टाकी नको.

बापू ट्रॅव्हल्स: माझं ऐकाल तर मारुतीची ईको घ्या सर. नवीन घेतली तरी कमी पैशात येते. उंची सहा फूट, रुंदी पाचाच्या आत, आपल्या बीमखालनं आरामात. मागं जागा करून गादी टाकायची. दोन माणसं पाय पसरून. वर्षात किती दिवस जाणार तुम्ही? उरलेले दिवस भाजी आणायला कामाला येते. ट्रॅव्हलर भाजी आणायला नेणार का नवी पेठेत?

डॉक्टर मॅडम: हे पटतं. वर्षाला किती रात्री, हाच पहिला प्रश्न हवा.

सर, बी-१०१: वीस-पंचवीस रात्री धरल्या आहेत. अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, मग हंपी. पुढे जमलं तर कोकण.

बंटी (पुणे): काका, पंचवीस रात्रींसाठी तेरा लाख? आधी भाड्यानं घेऊन दोन रात्री राहून बघा ना.

बापू ट्रॅव्हल्स: भाड्यानं मिळतेय का इथं? पुण्या-मुंबईत विचारावं लागेल. सेल्फ ड्राइव्ह असली तर काळी पाटी, पिवळी अक्षरं बघून घ्या. पांढऱ्या पाटीची घरची गाडी कोणी भाड्यानं देत असला तर घेऊ नका.

(दुपारी १२.४०)

मामा, सी-१०४: खाली कसला आवाज झाला?

वहिनी, बी-२०३: ट्यूबलाइट फुटली. गाडीचं कॅरिअर बीमला लागलं.

तात्या, ए-१०२: बीम ७ फूट १० इंच. सकाळपासून सांगतोय. २०२१ ला सामानाच्या ट्रकनं हाच बीम घासला होता, तेव्हाही मीच सांगितलं होतं.

सर, बी-१०१: तात्या, तुमचं बरोबर होतं. वहिनींना परत त्रास नको म्हणून आत घेत होतो. गाडीला काही झालं नाही. ट्यूब आणि होल्डर आजच बसवून देतो. टेप लावला, कॅरिअरसकट ८ फूट १० इंच भरली.

तात्या, ए-१०२: लागलं नाही ना तुम्हाला? टेप माझ्याकडं चांगला आहे, पाच मीटरचा. येतो खाली.

चेअरमन काका: सर, काळजी घ्या. ट्यूबचे नंतर पाहू.

अण्णा गॅरेज: सर दुपारी मी पण येलालो. गाडी खालनं बघतो.

काकू, बी-१०१: नमस्कार. मी ग्रुपवर फारशी लिहीत नाही. सकाळपासून सगळं वाचते आहे. एसी, फ्रिज, ओटा सगळं झालं. मला कोणी विचारलं नाही, यांनीही नाही.

काकू, बी-१०१: माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. रात्री दोन-तीन वेळा उठावं लागतं. म्हणून सहा वर्षांत मी कुठे मुक्कामाला गेले नाही. भाचीच्या लग्नालासुद्धा रात्रीच परत आलो. लॉजमध्ये भारतीय पद्धतीचा संडास असला की मी रात्रभर पाणीच पीत नाही. मला गाडीत बसता-उठता येईल असा कमोड हवा आहे आणि ताठ उभं राहता आलं पाहिजे. ईकोत मी वाकून कशी उठणार? ओटा मला नको. उभा जन्म ओट्यापाशी गेला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते. बाकीचं वाटेत जेवू. एसी पण नको, आम्ही मे महिन्यात जाणारच नाही.

डॉक्टर मॅडम: काकू ❤️ हे सकाळीच लिहायला हवं होतंत.

वहिनी, बी-२०३: काकू, तुम्ही भाचीच्या लग्नातून का निघालात ते मला आज कळलं. माझ्या मनात उगाच वेगळं होतं.

काकू, बी-१०१: असू दे गं.

अण्णा गॅरेज: काकू, आता खरं काम कळलं. ही ट्रॅव्हलर तुम्हाला नको. पायरी लई उंच आहे, तुमचे गुडघे रोज चढू देणार नाहीत. टाटाची हायरूफ विंगर बघूया, उंच टपाची. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागं जाणारा शाफ्ट नाही, म्हणून फ्लोअर खाली आहे. उंचीला ती पण आठ फुटांच्या आसपास, आत उभं राहता येतं. ओटा, एसी, मोठी टाकी गेली म्हणजे निम्मा खर्च गेला. कॅसेटचा कमोड बसवायचा, खाली वीसेक लिटरचा डबा असतो, ओढून बाहेर काढून संडासात रिकामा करायचा. शेजारी भिंतीला घट्ट दांडा, उठताना धरायला. दाराला एक फोल्डिंग पायरी.

सर, बी-१०१: तो डबा मी रिकामा करीन. रोज. हे आधीच लिहून ठेवतो.

बंटी (पुणे): मग १०० एएच आणि २०० वॅट पुरून उरतं. दोन फॅन, लाइट, मोबाइल. फ्रिजच्या ऐवजी बर्फाची पेटी.

डॉक्टर मॅडम: आणि चहासाठी गॅस ठेवलात तर झोपताना सिलेंडर बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो. हवा जायला खालून जाळी हवीच.

काकू, बी-१०१: चहा थर्मासमध्ये नेईन.

तात्या, ए-१०२: हायरूफ विंगर ८ फूट. बीम ७ फूट १० इंच.

चेअरमन काका: तात्या म्हणतात ते योग्य आहे. आवारात कायमची जागा देता येणार नाही, सर्वांना नियम एक. मात्र निघण्याच्या आदल्या रात्री आणि आल्यावर एक दिवस गाडी गेटच्या डाव्या बाजूला, पारिजातकाखाली लावण्यास माझी वैयक्तिक हरकत नाही. रविवारी ठराव घेऊ.

तात्या, ए-१०२: या ठरावाला माझा हात वर.

अण्णा गॅरेज: बाकीचे दिवस एमआयडीसीत माझ्या शेडला लावा. भाडं नको सर. मला पोरांना कमोडची फिटिंग शिकवायची आहे. पण नोंद केल्याशिवाय मी एक स्क्रू फिरवणार नाही, ते आत्ताच सांगतो.

बापू ट्रॅव्हल्स: माझ्या ओळखीत एक विंगर आहे, पार्टी शाळेची होती, पाटी पिवळी. उद्या दाखवतो. आणि सर, घ्यायच्या आधी एक रात्र माझ्या गाडीत काढा. सीट काढून देता येणार नाही, पण मागच्या लांब सीटवर काकूंना आडवं होता येतं. कमोडची खुर्ची डॉक्टर मॅडमकडनं आणू. नळदुर्गला जाऊ, पन्नास किलोमीटर. झोप लागली तर पुढं बघू.

डॉक्टर मॅडम: खुर्ची आहे माझ्याकडे. स्टीलची, चांगली आहे. घेऊन जा.

काकू, बी-१०१: शनिवारी जमेल का बापू? रविवारी मीटिंगच्या आत परत येऊ.

बापू ट्रॅव्हल्स: जमेल काकू. शुक्रवारी भाडं आहे, शनिवारी दुपारी गाडी धुऊन आणतो.

वहिनी, बी-२०३: शनिवारी पाण्याचा दिवस आहे. काकू, तुमच्या टाक्या मी भरून ठेवते, चावी माझ्याकडं द्या. आणि ती ट्रॅव्हलर परत मीटर रूमपुढंच उभी आहे.

सर, बी-१०१: काढतो. मालकाला फोन केला आहे, पाच वाजता घेऊन जातो म्हणाला.

वहिनी, बी-२०३: दुपारचा क्लास सुटतो साडेचारला.

सर, बी-१०१: आलो खाली.