कोरियात शिकताना सायकल घ्यावी का? अनुभव लिहा

सप्टेंबरच्या सेमिस्टरला निघालेली मुलं व्हिसा, हॉस्टेल आणि कुकरचे प्रश्न संपले की हमखास हा प्रश्न विचारतात. शहर कुठलं, यावर उत्तर ठरतं. म्हणून ज्यांनी तिकडे सायकल दामटली आहे, त्यांनी इथे लिहा. गावाचं नाव आधी टाका.

देजॉन, पीएचडी
घ्याच. काइस्ट या आमच्या विद्यापीठाचा परिसर बराचसा सपाट, शेजारून गापचन नदी आणि काठाने सलग सायकलमार्ग. लॅबमधून मध्यरात्री सुटलं तरी बसची चिंता नाही. सुरुवातीला विकत घ्यायचीही घाई नको; शहराची 'ताशू' सायकल पहिला तास फुकट मिळते. जानेवारीत मात्र कानटोपी, दोन हातमोजे घालूनही ब्रेक दाबायला बोटं वाकत नाहीत. तेव्हा मी सरळ चालत जातो.

सोल, मास्टर्स
नका घेऊ! आमचं विद्यापीठ ग्वानाक डोंगरावर. गेटपर्यंत चढ, गेटपासून डिपार्टमेंटपर्यंत आणखी चढ. सायकल फक्त सुट्टीची. शनिवार-रविवारी बहुतेक मेट्रोंच्या पहिल्या आणि शेवटच्या डब्यात नेता येते, जिन्याच्या कडेला चाकासाठी पन्हळ असते. उतरलं की हान नदीचा काठ, आणि काठावरच्या दुकानात मशीनवर उकळून खायचं रामेन.

सोल, भाषेचा कोर्स
मी 'तारुंगी'वरच भागवलं. ही महापालिकेची सायकल, 2015 पासूनची. मोबाइलने क्यूआर स्कॅन करा, तासाला 1000 वॉन. पास काढला की तास भरायच्या आत स्टँडला लावून पुन्हा काढता येते, जास्तीचे पैसे पडत नाहीत. पुढे टोपली आहे, भाजी मावते. सवय व्हायला वेळ लागला तो उजवीकडून चालवण्याची. झेब्रा क्रॉसिंगवर उतरून ढकलत न्यायची असते. हेल्मेट 2018 पासून सक्तीचं, पण दंड नाही. पिऊन चालवली तर मात्र 30,000 वॉन. सोजू या तिथल्या दारूच्या प्रेमींनी नोंद घ्यावी.

सुवॉन, एक्सचेंज
कॅफेत लॅपटॉप टेबलावर टाकून पोरं खुशाल जेवून येतात, कुणी हात लावत नाही. सायकल मात्र जाते. माझी हॉस्टेलच्या स्टँडवरून कुलपासकट गेली. कोरियन रूममेट हसत म्हणाला, "ऑम बोक-दोंगचा देश आहे हा." ऑम हा कोरियावरच्या जपानी राजवटीतला सायकलपटू. शर्यतीत जपान्यांना हरवायचा म्हणून लोकांच्या गळ्यातला ताईत, आणि पुढे शिक्षा झाली ती सायकल चोरल्याबद्दल! सायकल गेली की तिथे अजून त्याचंच नाव निघतं. दुसरी मी 'तांगून' ॲपवरून जुनीपानी घेतली, दिसायला भिकार, कुलूप दणकट. ती शेवटपर्यंत टिकली.

देगू, पोस्टडॉक
इंचन ते बुसान सायकलने केलं आहे, 633 किलोमीटर. वाटेत लाल टेलिफोन बूथसारख्या खोक्यांत शिक्के असतात, सायकलप्रवासाच्या आपल्या पुस्तिकेवर आपणच मारायचे. नदीकाठ असल्याने बहुतेक सपाट, पण मध्ये इह्वार्यंगची खिंड आहे, 548 मीटर उंच. तिथे भल्याभल्यांचा दम निघतो. शाकाहाऱ्यांचे हाल होतात, कारण दुकानातल्या तिकोनी भातात बहुधा ट्यूना किंवा हॅम निघतं. माझं अर्धं पोट घरच्या चिवड्यावर चाललं. पाठीला तेवढंच ओझं कमी, म्हणायचं.

प्रश्न, नाशिकहून: पावसाळ्यात काय करता? रेनकोट इथूनच न्यावा का?

उत्तर, सोल, मास्टर्स: जूनअखेरीपासून 'चांगमा', म्हणजे त्यांचा पावसाळा. हान नदीला पाणी चढलं की काठचे रस्ते बंद करतात आणि फोन एकदम किंचाळतो, इशारा कोरियनमध्ये. रेनकोट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. सायकल घेताना मडगार्ड तेवढं बघा, जुन्या सायकलींना पुष्कळदा नसतं.