मदत हवी आहे: आयबीडीवाल्या भावासाठी नारळाच्या कुकीज, परवाच्या आत

सई_कोथरूड
प्लीज कोणीतरी लवकर सांगा. धाकट्या भावाला आयबीडी आहे, म्हणजे आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार, परवा भाऊबीज आणि फराळातलं त्याला काहीच चालत नाही, चिवडा नाही, चकली नाही, आणि ओल्या नारळाची करंजी म्हणजे त्याचा जीव की प्राण. म्हणून तांदळाचं पीठ, डेसिकेटेड कोकोनट, तूप, पिठीसाखर घेऊन कुकीज केल्या तर उचलली की भुगा होतोय. त्याने जरा चाखली आणि म्हणाला, ताई चव मस्त आहे पण हा कीस मला सोसणार नाही. मला नारळाचा वास आणि चव हवी, तोंडात विरघळली पाहिजे. नेटवर सगळे नारळाचं पीठ आणि ओट्स घाला म्हणतायत.

पाटावरवंटा
आयबीडीतलं कुठलं, क्रोन्स आहे की अल्सरेटिव्ह कोलायटिस? सध्या त्रास चालू आहे की शांत आहे? अंडं चालतं का? ओव्हन कुठला? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

रानमेवा
तांदूळ काढा, नाचणीचं पीठ आणि गूळ घ्या. मैद्याच्या वाटेला तर जाऊच नका, तो आतड्याला चिकटतो. आणि भावाला रोज सकाळी घाण्याचं खोबरेल एक चमचा सुरू करा, माझ्या सासऱ्यांचं पोट त्यानेच सुधारलं.

बार्देशकार
गोव्यात आमच्याकडे नाताळाला बोलिन्हा करतात, रवा आणि खवलेला नारळ साखरेच्या पाकात शिजवून रात्रभर मुरवायचा, मग अंड्याचा बलक घालून भाजायचं. भुगा होत नाही, रवा पाक पितो ना. नारळ मात्र पाट्यावर वाटल्यासारखा बारीक हवा.

सायली_क्रोन्स
रानमेवा, असा सल्ला देऊ नका हो. मला स्वतःला क्रोन्स आहे म्हणून तळमळीने लिहितेय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते बघा, १०० ग्रॅम नाचणीत ११ ग्रॅमच्या वर तंतू (फायबर), मैद्यात ३च्या आत, सुक्या खोबऱ्यात १६च्या आसपास. नारळाच्या पिठात तर त्याहून बरेच जास्त, कारण तेल-दूध काढून उरलेला चोथाच तो. तब्येत शांत असताना तंतू खायलाच हवेत, पण आतड्याला सूज असताना मैदा आणि पांढरा भातच सोसतो. मैदा चिकटतो वगैरे काही नसतं, पचतो तो.
सई, आतडं कुठे अरुंद झालंय का ते सांग आधी. बाकीचं नंतर.

सई_कोथरूड
क्रोन्सच. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अरुंद झालंय असं एमआरआयमध्ये आलंय, स्टिरॉइड चालू आहे. अंडं नको, सणाला आई स्वयंपाकघरात आणू देत नाही. आणि ओव्हन नाहीये, कढईत करते मी. गहू, दूध, तूप चालतं त्याला.

पाटावरवंटा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!! बोलिन्हा बाद मग. अरुंद जागी नारळाचा कीस, सुकामेवा, तीळ असलं काही अडकू शकतं. पोट फुगून कळा, उलट्या आणि वारा सरायचा थांबला तर घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल.

जुईली
माझ्या मिस्टरांना पण आयबीएस आहे, त्यांना इसबगोलाने खूप फरक पडला. कुकीजमध्ये दोन चमचे घातलं तर बांधल्या पण जातील.

सायली_क्रोन्स
जुईलीताई, आयबीएस वेगळं आणि आयबीडी वेगळं. आयबीएसमध्ये पोट सारखं बिघडतं पण आतड्याला जखमा नसतात, इथे सूज आहे, व्रण आहेत. इसबगोल पाण्यात फुगतं, अरुंद आतड्यात ते अजिबात नको.
सई, नारळ घाल पण दुधाच्या रूपात. चव त्यात उतरते, तंतू चोथ्यात राहतात. एक नारळ खवून अर्धी वाटी कोमट पाण्यात वाट, मलमलच्या फडक्यातून पीळ, परत एकदा गाळ. ते दूध मंद आचेवर ढवळत आटव, खवा सैल असताना दिसतो तसं झालं आणि कडेने तेल सुटायला लागलं की गॅस बंद. तेव्हा घरभर सारणाचा वास सुटतो बघ, तोच कुकीत येतो.
मग १२५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोर, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. ६० ग्रॅम घट्ट तूप आणि ६० ग्रॅम पिठीसाखर फेसून घे, त्यात आटवलेलं दूध तीन मोठे चमचे, मग पीठ. मळायचं नाही, गोळा जमला की थांब. वेलची अगदी बारीक पूड करून चाळून. तुझा भुगा होत होता कारण तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही आणि वरून कोरडा कीस, धरून ठेवणारं काही नव्हतंच त्यात.

रानमेवा
तुपाऐवजी खोबरेल घेतलं तर नारळाचा वास दुप्पट येईल, हे तरी मान्य करा.

पाटावरवंटा
वास येईल पण खोबरेल २४ अंशांच्या पुढे पातळ होतं, दिवाळीत दुपारी कुकी पसरून पापडच. घ्यायचंच तर अर्धं घ्या आणि गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. शिवाय या रुग्णांना एकावेळी फार स्निग्ध सोसेलच असं नाही, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या करा आणि आधी एकच द्या.

बार्देशकार
कढईत मीठ घालता की वाळू? मीठ एकदा तापवलं की परत वापरता येतं, पण जेवणात नाही. आमची आजी वरखाली निखारे ठेवायची, त्याची सर कशालाच नाही.

सई_कोथरूड
मीठच घालते. कितीवेळ ठेवू? आणि डब्यातलं नारळाचं दूध चालेल का, खवायला वेळ नाहीये. साखरेऐवजी शुगरफ्री घालू का, स्टिरॉइडमुळे डॉक्टर गोड कमी करा म्हणालेत.

सायली_क्रोन्स
शुगरफ्री नको, सॉर्बिटॉल-माल्टिटॉलवाल्या पुड्यांनी जुलाब होतात. साखर ४५ ग्रॅमवर आण, बिघडत नाही. डब्यात बऱ्याचदा ग्वार गम असतो, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, तोही इसबगोलासारखा फुगणारा तंतूच, मागचं लेबल वाच, नारळ आणि पाणी एवढंच असेल तर घे. कढई झाकून १० मिनिटं तापव, मग मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. कडा बदामी झाल्या की काढ, मधे मऊ लागतात, गार झाल्या की धरतात. आणि उद्या सकाळी त्याच्या डॉक्टरांना किंवा डाएटिशियनना फोन करून यात काय काय आहे ते वाचून दाखव, अरुंद आतडं आहे म्हणून सांगतेय.

जुईली
चोथा फेकू नका हं, बाकीच्यांच्या उसळीच्या वाटणात छान लागतो.

सई_कोथरूड
लेबल वाचलं, ग्वार गम आहेच. नारळ फोडलाय, खवायला बसतेय.