बुलेटचं पुढचं चाक उचलायचंय, जॅकवर बसणारा लाकडी ठोकळा चिरतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१४ची, जुनं ३४६ सीसीचं यूसीई इंजिन (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये). डाव्या फोर्कचं (पुढच्या शॉकअबच्या नळीचं) ऑइल सील गेलंय, सकाळी पाइपवर तेलाचं कडं दिसतं, आणि हँडल मधोमध आलं की किंचित अडकल्यासारखं होतं म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) पण उघडावा लागणार. दोन्हीसाठी पुढचं चाक हवेत पाहिजे. डबल स्टँडवर लावली की मागचं चाक उचललं जातं पण पुढचं खालीच राहतं, आणि या मॉडेलला इंजिनच्या खालून फ्रेमची नळी जात नाही, समोरची एकच नळी येऊन इंजिनला बोल्ट होते, इंजिन हाच फ्रेमचा भाग. त्यामुळे जॅक लावायचा तर थेट अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगला लावावा लागतो आणि तिथे ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचं डोकं बाहेर आलेलं, लोखंडी जॅक तसाच टेकवायची माझी हिंमत नाही.

म्हणून ठोकळा करायला घेतला. कारच्या डिकीतला स्क्रू जॅक आहे, त्याच्या डोक्याला कारच्या पत्र्याची कड बसायला लांबट खाच असते ना, त्या खाचेत बसेल अशी लाकडाची जीभ खाली ठेवली आणि वर बोल्टपुरता खळगा कोरला. खळग्याचं माप कसं घ्यायचं कळेना तर इंजिनखाली कणकेचा गोळा दाबला, बोल्टचा अगदी षटकोनी ठसा आला (आई म्हणाली, पोळ्या लाटू की गाडीला थापू ते एकदा सांग). लाकूड पॅकिंगच्या खोक्यातलं, पाइन असावं, साडेतीन इंच उंच, रेषा उभ्या.

काल लावून बघितलं. जॅकचे चार फेरे झाले, चाक अजून टेकलेलंच होतं, आणि कड्‌ असा आवाज आला. खळग्याच्या कोपऱ्यापासून थेट जिभेपर्यंत सरळ चीर, दोन फाका. गाडीला काही झालं नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघंतिघं बघत होते तेवढीच शोभा.

आता प्रश्न असा की लाकूड कुठलं घेऊ, वखारीत सागवानाचे तुकडे किलोवर मिळतात, बाभूळ पण आहे, आणि रेषा उभ्या ठेवू की आडव्या? की डिझाइनच चुकलंय? तयार पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा लोखंडी स्टँड) घ्या असं कृपया सांगू नका, एका सीलसाठी नाही घ्यायचा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: एवढा उपद्व्याप कशाला करताय राव. आमच्याकडे तालुक्याला मेस्त्री काय करतो, डबल स्टँडवर गाडी, पोऱ्याला सांगतो मागच्या कॅरिअरवर दाब, पुढचं वर आलं की इंजिनखाली लाकडाचा गुटका सरकवतो, झालं. जॅक नाही न काही नाही. वीस वर्षं बघतोय, एक गाडी पडलेली बघितली तीसुद्धा पोऱ्या चहाला उठून गेला म्हणून.

धागाकर्ता: हाहा. एकटाच आहे हो, पोऱ्या नाही. आणि गुटक्यावर ठेवली तरी बोल्टचा प्रश्न राहतोच.

प्रतिसाद: लाकडाला दोष देऊ नका, वडील बैलगाड्यांची चाकं करायचे म्हणून थोडं सांगतो. उभ्या रेषेचं लाकूड वरून दाबलं तर भरपूर वजन झेलतं, आडव्यापेक्षा कित्येक पट, पण तेच रेषेत फाकवलं तर पाचर मारल्यासारखं उलगडतं. तुम्ही दोन ठिकाणी पाचर दिलीत. एक म्हणजे जीभ. सगळं वजन त्या अरुंद जिभेवर आलं असणार, खाचेच्या तळाला टेकून. जीभ फक्त ठोकळा सरकू नये म्हणून, वजन दोन्ही बाजूच्या खांद्यांवर पाहिजे. जीभ दोन-तीन मिलिमीटर आखूड ठेवा, खाचेत तळाला फट दिसली पाहिजे. दुसरं म्हणजे खळगा तुम्ही पटाशीने चौकोनी कोरलात ना? चीर कायम टोकदार कोपऱ्यातून निघते. तिथे गोल भोक पाडा, गिरमिटाने किंवा ड्रिलने, आणि बोल्टपेक्षा चांगलं सैल, बोल्टला लाकूड लागताच कामा नये.

लाकूड म्हणाल तर बाभूळ चिवट, पण ओली असेल तर वाळताना परत तडकेल आणि घरच्या करवतीला दाद देणार नाही. तुमच्या कामाला मी तर जाड प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवा म्हणेन. प्लायमध्ये थर आलटून पालटून उभे-आडवे असतात, त्याला फाकायला एक रेषा सापडत नाही.

प्रतिसाद: +१ वरच्या काकांना. आणि एक गंमत करून बघा, डबल स्टँडवर असताना पुढचं चाक घरातल्या वजनकाट्यावर ठेवा, जॅकवर किती येणार ते गणित करता येतं.

धागाकर्ता: केलं! ३८ किलो. सगळी गाडी १९० किलोच्या आसपास आणि पुढच्या चाकावर फक्त ३८, कारण बाकीचं सगळं स्टँडवर बसलेलं असतं. स्टँडच्या पायापासून पुढचा अ‍ॅक्सल ९२ सेमी, जॅकची जागा ३० सेमी. म्हणजे तरफेच्या हिशोबाने जॅकवर ३८ गुणिले ९२ भागिले ३०, साधारण ११६ किलो. एवढ्याशा वजनाला माझा ठोकळा गेला, लाज वाटली.

प्रतिसाद: तोच हिशोब उलटा पण करा. चाक ५ सेमी उचलायचं तर जॅकला दीड सेमीच्या जरा वर चढावं लागतं, बस. म्हणून ठोकळा आधीच उंच घ्या आणि जॅक खाली दबलेल्या अवस्थेत ठेवा, स्क्रू जॅक जितका ताणला तितका डुलतो. पेव्हर ब्लॉकवर असाल तर खाली प्लायचा मोठा तुकडा टाका. दुसरं, पुढचं वर जाताना गाडी स्टँडच्या पायावर फिरते, त्यामुळे इंजिनचा तळ सेंटीमीटरभर मागे सरकतो. ठोकळ्याच्या माथ्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, तो तेवढं सरकणं खातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. पुढचं वर गेलं की मागचं चाक खाली येऊन जमिनीला टेकतं, मग स्टँडवरचं वजन कमी होतं, आणि गाडी जरा पुढे सरकली की स्टँड मागे मिटतो. स्टँडच्या पायाला पट्टा बांधून समोरच्या फ्रेमच्या नळीला ताणून आवळा. मागच्या चाकाला पुढून-मागून विटा. हे केल्याशिवाय अ‍ॅक्सलच्या नटला पाना लावू नका, किंवा नट गाडी खाली असतानाच ढिला करून ठेवा.

प्रतिसाद: अवांतर: वर आढ्याला हूक असेल तर हँडलला नाही, फ्रेमच्या पुढच्या भागाला दोर बांधून ठेवा, उचलायला नाही, पडलीच तर धरायला. आमच्या कोकणातल्या पडवीत वासा असतो, तुमच्या पार्किंगला काय असेल माहीत नाही.

धागाकर्ता: अपडेट देतो. १८ मिमी प्लायचे सहा तुकडे, ५ इंच बाय ४ इंच, फेविकॉल लावून रात्रभर सी-क्लॅम्पमध्ये, क्लॅम्प दोनच होते म्हणून वर पाट्यासकट वरवंटा ठेवला (आईला अजून सांगितलेलं नाही). खालच्या थरात जीभ, तळाला कागदाच्या चार घड्या जातील एवढी फट. वरच्या दोन थरांना ३२ मिमीच्या होल सॉने आरपार भोक, त्यात बोल्टचं डोकं मोकळं फिरतं. माथा कानशीने किंचित उतरता केला कारण कणकेच्या ठशात दिसलं की केसिंगचा तळ सपाट नाही, पुढे जरासा चढतोय, आधीच्या ठोकळ्याच्या वेळी हे मी बघितलंच नव्हतं, म्हणजे तो एका कडेवरच टेकला असणार.

आज सकाळी लावला. तीन फेऱ्यांत लाकूड टेकलं, अजून पाच फेऱ्यांत चाक बोटभर वर. हाताने फिरवलं तर मस्त फिरलं. पट्टा, विटा सगळं सांगितल्याप्रमाणे. हँडल हलवून पाहिलं, ठोकळा ढिम्म. एकदा उतरवून ठोकळा काढून बघितला, माथ्यावरच्या ट्यूबवर केसिंगची पुसट छाप, बाकी ओरखडा नाही, मग परत लावला.

सील बदललं. कोनसेटची मात्र भीती खरी निघाली, खालच्या वाटीत छर्‍यांनी ओळीने खड्डे पाडलेत, नखाला लागतात. वाटी आतून ठोकून काढायची तर पंच टेकवायला कड सापडत नाहीये, कोणी केलंय का हे? गाडी तशीच ठोकळ्यावर उभी आहे, पार्किंगचा वॉचमन दर तासाला येऊन बघून जातोय.