मदत हवी आहे: फोन पूर्ण बंद पाडणारं अ‍ॅप सुचवा, दिवस हातातून जातोय

वेळनाही:
जाणकारांनी लवकर सांगा, काम द्यायची तारीख डोक्यावर आलीय. दर पाच मिनिटांनी फोन हातात येतो. सकाळी मोठ्या जोशात बसायचं, संध्याकाळी बघावं तर काम जिथल्या तिथे. टायमर लावून झालं, अ‍ॅपं टाकून झाली, काढून झाली. एकदा बंद केलं की मधे काही केल्या उघडणार नाही असं काही आहे का? फुकट असेल तर उत्तम. 'इच्छाशक्ती वाढवा' हे कृपया नको. ती असती तर धागा कशाला काढला असता?

उंटावरचा:
फोन कोणता, अँड्रॉइड की आयफोन? काम कसलं? 'टायमर लावून झालं' म्हणजे फोनमधलाच की वेगळा? आणि फोन हातात आला की उघडता काय? एवढं तरी लिहा, म्हणजे जाणकार येतील.

पहाटवेडा:
पहाटे चारला उठा. सात वाजेपर्यंत कुणाचा मेसेज नाही, कुणाचा फोन नाही. दिवसभराचं काम तीन तासांत उरकतं. बाकी सगळे उपाय म्हणजे वरवरची मलमपट्टी.

उंटावरचा:
@पहाटवेडा, कंबरदुखीच्या धाग्यावरही तुम्ही हेच लिहिलं होतंत.

पहाटवेडा:
मग? त्यांची कंबर बरी झाली की नाही ते विचारा.

पंचवीस_पाच:
दादा, पोमोडोरो करा. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी काढलेली पद्धत आहे, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. टायमर फोनवरचा नको, खरा किल्लीचा घ्या. टिकटिक ऐकू आली पाहिजे. मी परीक्षेचा अख्खा अभ्यास यावर काढला.

खोलपाणी:
अभ्यासाला ठीक आहे, पण कामाला पोमोडोरोसारखी वाईट गोष्ट नाही. मी कोड लिहितो. प्रश्न डोक्यात नीट मांडायलाच वीस मिनिटं जातात, आणि आता कुठे दिसायला लागलं म्हणेपर्यंत घंटा! ज्या माणसाला व्यत्ययाचा त्रास आहे त्याला तुम्ही आणखी एक व्यत्यय विकत घ्यायला सांगताय.

पंचवीस_पाच:
२५ ची वेळ तुमची तुम्ही वाढवू शकता हो. पन्नास-दहा करा. पद्धत समजून न घेता नावं ठेवायची हे बरं आहे.

खोलपाणी:
मग त्याला पोमोडोरो कशाला म्हणायचं, नुसतं 'काम करा आणि मग थांबा' म्हणा.

वेळनाही:
दादा नाही, ताई. अँड्रॉइड आहे. काम लिहिण्याचं, घरूनच. फोनमधलंच डिजिटल वेलबीइंग वापरलं, अर्ध्या तासाची मर्यादा लावून. वेळ संपली की आयकॉन राखाडी होतो. मग सेटिंगमध्ये जायचं, मर्यादा वाढवायची, की परत रंगीत. आता तर बोटांना तो रस्ता पाठ झालाय. म्हणून तर म्हणतेय, तोडता न येणारं काहीतरी सांगा.

रॅमराजे:
लॅपटॉप कोणता आहे? लॅपटॉप अडकत असेल तर माणूस आपोआप फोन उचलतो. हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी टाकून घ्या, सुरू व्हायला लागणारा वेळ कितीतरी कमी होतो. रॅम आठच्या खाली असेल तर ब्राउझरचे टॅब उघडे ठेवू नका.

वेळनाही:
लॅपटॉप नवीन आहे. त्याची तक्रार नाही.

रॅमराजे:
तरी एकदा स्टार्टअपमध्ये काय काय चालू होतं ते बघून घ्या.

जुनं_खोड:
स्मार्टफोन कपाटात ठेवा, साधा बटणांचा फोन घ्या. मी घेतला. एकदा चार्ज केला की कित्येक दिवस बघायला नको. संध्याकाळी अर्धं पुस्तक वाचून होतं आता. सुरुवातीला हात खिशाकडे जातो, मग त्यालाच कंटाळा येतो.

चाकोरी:
@जुनं_खोड, ओटीपी आणि बँकेचं काय करता? कोणता घेतलात? टाइप-सी आहे का?

जुनं_खोड:
ओटीपी एसएमएसवर येतो, त्याला साधा फोन पुरतो. बँकेचं लॅपटॉपवर. टाइप-सी नाही, जुनी पिन आहे, ती एक कटकट.

चाकोरी:
टाइप-सीवाले पण निघालेत आता. घरातल्या ज्येष्ठांसाठी बघतोय, आवाज मोठा आणि टॉर्चला वेगळं बटण हवं.

उंटावरचा:
साध्या फोनसाठी वेगळा धागा काढा हो मंडळी.

एकवीस_दिवस:
कोणतीही सवय एकवीस दिवसांत सुटते. फक्त एकवीस दिवस दात-ओठ खाऊन फोन लांब ठेवा. बाविसाव्या दिवशी आठवणही येणार नाही.

संदर्भासहित:
या एकवीसचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. शिवाय तो अभ्यास सवय लावण्याचा होता, सोडण्याचा नव्हे.

एकवीस_दिवस:
माझी सुटली ना पण. अनुभवापुढे अभ्यास काय कामाचा?

सावकाश:
ताई, उंटावरचा यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. डिजिटल वेलबीइंगमध्ये अ‍ॅपवार वेळ दिसते. सगळ्यात वर कोण आहे? आणि त्याच पानावर 'अनलॉक' आणि 'नोटिफिकेशन' चे आकडे असतात, तेही बघा. मला वेळेपेक्षा त्यांत जास्त रस आहे.

वेळनाही:
सगळ्यात वर व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या जवळपासही कुणी नाही. बाकीची अ‍ॅपं मी केव्हाच काढून टाकलीत. पण व्हॉट्सअ‍ॅप बंद नाही ना करता येत, ऑफिसचा ग्रुप त्यावरच आहे. साहेब काम तिथेच टाकतात.

उंटावरचा:
अहो, मग हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! जे बंद करता येत नाही तेच बंद पाडणारं अ‍ॅप मागताय.

वेळनाही:
त्यात काय लिहायचं, सगळ्यांचंच असतं की.

हक्कदार:
साहेबांना स्पष्ट सांगा की व्हॉट्सअ‍ॅपवर काम घेणार नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदाच आहे, कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क. ऑस्ट्रेलियातही २०२४ मध्ये लागू झाला. आपणच लाचार झालोय.

खोलपाणी:
तो कायदा कामाच्या वेळेनंतरचा. ताईंची अडचण कामाच्या वेळेतलीच आहे. आणि 'घेणार नाही' असं सांगून टाका म्हणणं सोपं आहे, नोकरी तुमची जाणार नाहीये.

हक्कदार:
ही वृत्ती आहे म्हणूनच साहेबलोकांचं फावतं.

सावकाश:
भांडण दुसरीकडे न्या, प्लीज. ताई, आणखी दोनच प्रश्न. ग्रुपवर दिवसभर येतं त्यातलं तुमच्यासाठी किती असतं? आणि त्यातलं लगेच, म्हणजे तासाभराच्या आत, उत्तर द्यावं लागेल असं किती?

वेळनाही:
मी मशीनची माहितीपुस्तकं लिहिते. वाक्य अर्धं झालेलं असतं, 'झडप बंद करण्यापूर्वी' इथपर्यंत. फोन थरथरतो. साहेबांचं असेल म्हणून उघडते, तर कुणीतरी कुणाला तरी अंगठा दाखवलेला असतो. आता उघडलंच आहे तर खालच्या चॅट बघते, तिथून बहिणीचं स्टेटस, तिथून कुठल्यातरी व्हिडिओवर. परत आल्यावर झडप बंद करण्यापूर्वी काय करायचं होतं ते पुन्हा आकृती काढून बघावं लागतं. माझ्यासाठीचे मेसेज दिवसात मोजके. लगेचचे तर जवळपास नाहीतच, पण असलाच तर? ही भीती असते.

संदर्भासहित:
हे जे आकृती पुन्हा काढून बघणं आहे, खरा वेळ तिथे जातो. सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात याला लक्षाचा उरलेला अंश म्हटलंय: माणूस दुसऱ्या कामाकडे वळला तरी डोक्याचा एक भाग आधीच्या अर्धवट कामातच रेंगाळतो. ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात उलटीच गंमत दिसली. व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर संपवलं, कारण ते घाईने भरपाई करत होते, पण ताण आणि वैताग वाढला. म्हणून 'व्यत्ययाने इतकी मिनिटं वाया जातात' असे छातीठोक आकडे फिरतात ना, ते जपून घ्यावेत.

सावकाश:
तर मग मी काय करतो ते सांगतो. माझंही काम असंच ग्रुपवर येतं. तुमची खरी अडचण 'असलाच तर?' ही आहे. ती सुटल्याशिवाय कुठलंही कुलूप तुम्ही तोडणारच, आणि तोडायला कारणही पटण्यासारखं असणार.

तेव्हा तातडीच्या कामाला वेगळं दार द्या. ग्रुपवर एक ओळ टाका: अमुक वेळी मेसेज बघते, त्याआधी हवं असेल तर सरळ फोन करा. मग फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावा. त्यात तारांकित संपर्कांचे फोन येऊ द्यायची सोय आहे, साहेबांना आणि घरच्यांना तारा लावा. 'पुन्हा फोन करणारे' हा पर्यायही चालू ठेवा. अनोळखी नंबरवरून कुणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. फोन मग खुशाल दुसऱ्या खोलीत ठेवा, रिंग ऐकू येईल इतक्या अंतरावर.

मेसेज लॅपटॉपवर बघा. व्हॉट्सअ‍ॅप चार उपकरणांना जोडता येतं आणि फोन जवळ नसला तरी चालतं. पण टॅब उघडा ठेवू नका. त्याच्या शीर्षकात न वाचलेल्यांचा आकडा वाढत राहतो, म्हणजे थरथर गेली आणि आकडा आला. वेळ झाली की उघडा, उत्तरं द्या, बंद करा.

चाकोरी:
दुसरं सिम घेऊन ऑफिसचं खातं वेगळं ठेवलं तर? २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच अ‍ॅपमध्ये दोन खाती ठेवता येतात.

सावकाश:
ठेवता येतात, पण फोन तोच आणि अ‍ॅप तेच. अंगठा दाखवणारे ऑफिसच्याच ग्रुपवर आहेत. बहीण तेवढी सुटेल.

हक्कदार:
म्हणजे शेवटी जुळवून कामगारानेच घ्यायचं.

पहाटवेडा:
पहाटे चारला साहेबही झोपलेले असतात, एवढंच नोंदवतो.

संपादक_मंडळ:
साध्या फोनबद्दलचे नंतरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कामगार कायद्यांवर चर्चा करायची असल्यास नवीन धागा काढावा.

वेळनाही:
करून बघितलं. सगळ्यांना एकत्र उत्तर देतेय.

ग्रुपवर ओळ टाकायला जीवावर आलं होतं. साहेबांनी नुसतं 'ओके' लिहिलं आणि त्यावर लगेच सहा जणांचे अंगठे आले, ते असो. फोन साहेबांचा नाही येत. एक सहकारी मात्र उठसूट करते, मेसेज पाठवल्याचं सांगायला. तिचं काय करायचं ते बघते. फोनचं मात्र खरंच थांबलं. आता नवीनच सुरू झालंय: लॅपटॉपवर बातम्या. फोन खोलीत नाही म्हणून हात तिकडे वळतो. ब्राउझरच बंद पाडणारं काही आहे का?

रॅमराजे:
आहेत की! एक्स्टेन्शन मिळतात, साइटची यादी टाकायची. किंवा थेट होस्ट्स फाइलमध्ये पत्ते टाका, ते काढायला जास्त कष्ट पडतात. मी म्हणालोच होतो, मुद्दा लॅपटॉपचा आहे.

सावकाश:
@रॅमराजे, शेवटी तुमचा दिवस उगवला म्हणायचा.
ताई, कुलूप लावण्याआधी एक बघा. ब्राउझर नेमका कधी उघडला जातो? कंटाळा आला की, वाक्य अडलं की?

वेळनाही:
कंटाळा नाही. काहीतरी तपासायचं असतं म्हणून. झडपेचा दाब किती, बोल्ट कुठल्या मापाचा. ते शोधायला उघडते आणि बाजूला बातमी दिसते. त्यामुळे ब्राउझर पूर्ण बंदही करता यायचा नाही. हेही आता आधी सांगायला हवं होतं म्हणाल.

उंटावरचा:
म्हणणारच होतो.

खोलपाणी:
लिहिता लिहिता शोधू नका. जिथे आकडा हवा तिथे चौकोनी कंस टाका, आत 'दाब?' लिहा आणि पुढे चला. दुपारी एका बैठकीत सगळे कंस भरा. शोधणं आणि लिहिणं एकत्र केलं की दोन्ही बिघडतात. कोडमध्ये मी हेच करतो, नाहीतर एका फंक्शनचं नाव बघायला गेलेला माणूस संध्याकाळीच परत येतो.

वेळनाही:
हे पटतंय. पण एखादा कंस भरायचा राहून छापून गेला तर? मशीनचं पुस्तक आहे, दाबाच्या जागी प्रश्नचिन्ह गेलं तर माझी खैर नाही.

खोलपाणी:
पाठवण्याआधी फाइंडमध्ये चौकोनी कंस शोधायचा. एकही सापडला नाही तरच फाइल पाठवायची.

वेळनाही:
चौकोनी कंस आम्ही सुट्या भागांच्या क्रमांकांना वापरतो. पानोपानी आहेत.

खोलपाणी:
मग दोन हॅश टाका, ##दाब. ते तरी कुठे वापरत नाही ना तुम्ही?

वेळनाही:
नाही वापरत.