शब्दचर्चा: ‘यार’ बोटीला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी
आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) दाखवणार आहेत आणि ज्येष्ठ सभासदांसाठी मराठी सबटायटल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. फिलिप बॅरी यांच्या १९३९ सालच्या नाटकावरून जॉर्ज क्यूकर यांनी हा चित्रपट केला आणि ब्रॉडवेवर ट्रेसी साकारणाऱ्या कॅथरिन हेपबर्न पडद्यावरही त्याच भूमिकेत आल्या.

अडचण एकाच शब्दाची आहे. ट्रेसीचे दुसरे लग्न तोंडावर आलेले असताना तिचा पहिला नवरा डेक्स्टर तिला एका शिडाच्या बोटीची प्रतिकृती भेट देतो. मूळ बोट त्याने त्यांच्या मधुचंद्रासाठी स्वतः आखून बांधलेली असते. पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या त्या प्रतिकृतीकडे पाहत ट्रेसी म्हणते की ती बोट फार ‘यार’ होती. नियोजित वर जॉर्ज अर्थ विचारतो, तेव्हा ती सांगते: हाताळायला सोपी, सुकाणूला चटकन वळणारी, वेगवान, लखलखीत. चित्रपटाच्या शेवटी हाच शब्द ती स्वतःसाठी वापरते आणि डेक्स्टरला वचन देते की आता मी ‘यार’ होईन. मी ‘चपळ’ लिहिले होते. बोटीला ते शोभले, पण ‘मी चपळ होईन’ हे वाचून माझ्या आईने लगेच मान हलवली. दोन्ही ठिकाणी चालेल असा एकच शब्द मला हवा आहे.

जुना वाचक
हा आपला फारसी ‘यार’च असावा. बंदरांतून खलाशांबरोबर शब्द किती दूर जातात हे आपण जाणतोच, आणि साथ देणारी बोट ही दर्यावर्दी माणसाची सखीच असते.

नाटकवाला
कल्पना सुंदर आहे, परंतु व्युत्पत्ती तशी नाही. हा जुन्या इंग्रजीतला ‘सज्ज’ या अर्थाचा शब्द आहे. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये वादळात सापडलेल्या गलबतावरचा तांडेल आपल्या माणसांना हाच शब्द ओरडून सांगतो, आणि ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये सीझरची जहाजे अशी आहेत, तुमची मात्र जड आहेत, असा इशारा अँटनीला मिळतो. म्हणून मी ‘तयार’ सुचवतो. आपण गवयाचा गळा ‘तयार’ आहे असे म्हणतो, तेव्हा वळवावा तिकडे तो सहज वळतो हेच आपल्याला सांगायचे असते.

मायबोलीप्रेमी
‘तयार’ हा अरबी-फारसी वाटेने आलेला शब्द आहे. ‘अनुकूल’ हा आपला शब्द हाताशी असताना तो कशाला हवा? शिवाय ‘तयार मुलगी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वेगळाच अर्थ येतो.

नाटकवाला
दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पहिला नाही. ‘सुकाणू’सुद्धा अरबीतूनच आला आहे, आणि तो टाळून मराठीत बोटीबद्दल चार वाक्ये लिहिणेही कठीण आहे. ‘अनुकूल’ वाऱ्याला शोभतो. बोटीला लावला की तिच्यातला जिवंतपणा जातो.

लेकीची आई
‘वळणाची’ चालेल का? बोट वळते आणि मुलगीही वळणाची असते, त्यामुळे दोन्ही अर्थ एका शब्दात येतात. पण लिहितानाच मला खटकते आहे, कारण वळण नेहमी दुसऱ्याने लावायचे असते. ट्रेसी हे वचन आपण होऊन देते आणि डेक्स्टर उत्तरतो की तुला हवे तशी राहा. त्या उत्तरामुळेच तो शेवट मला आवडतो, म्हणून ‘वळणाची’ लिहू नये असे आता माझेच मत झाले आहे.

खाडीकाठचा
माझ्या आजोबांचा मचवा होता. मी आठ-नऊ वर्षांचा असताना खाडीच्या तोंडाशी त्यांनी माझा हात सुकाणूवर ठेवला आणि फक्त दोन बोटांनी धरायला सांगितले. मी किंचित दाबले आणि शीड फडफडायच्या आतच नाळ, म्हणजे मचव्याचे पुढचे टोक, फिरली. आजोबा एवढेच म्हणाले, “बघ, ऐकतो.” ज्या मचव्याशी झटापट करावी लागे त्याला ते “ऐकत नाही” म्हणत. ‘ऐकणे’ हाच शब्द घ्यावा. ट्रेसीचे वडील तिला सुनावतात की तुझ्याकडे सारे काही आहे, पण दुसऱ्याला समजून घेणारे मन नाही. अशी मुलगी शेवटी ‘आता मी ऐकेन’ म्हणते, तेव्हा त्यात आज्ञापालनापेक्षा कान देणे अधिक आहे.

लेकीची आई
आपल्या घरांत ‘ऐकणारी बायको’ म्हणजे काय असते, हे विसरून कसे चालेल?

नाटकवाला
मला वेगळी अडचण दिसते. जॉर्ज कोळशाच्या खाणीतून वर आलेला माणूस आहे, त्याला शिडाच्या बोटींची भाषा येत नाही, आणि त्या एका शब्दावर दोघांमधले अंतर उघडे पडते. ‘ऐकणे’ सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याला कारणच उरत नाही.

खाडीकाठचा
शब्द ठाऊक असतो, पण बोट ऐकते हे ठाऊक नसते. ट्रेसी “काय ऐकायची ती!” म्हणाली, तर जमिनीवरचा माणूस “ऐकायची? बोट?” असे नक्की विचारील.

शब्दवेडी
हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. तलावाकाठच्या प्रसंगाला तिने लगेच होकार दिला. शेवटच्या वाक्याला मात्र ती ‘ऐकेन’ नको, ‘ऐकून घेईन’ लिही म्हणते, आणि तसे लिहिले की ते बोटीला लागू पडत नाही. शेवटचा प्रसंग मी अजून कोरा ठेवला आहे.

मायबोलीप्रेमी
‘सबटायटल’ला ‘उपशीर्षक’ म्हणावे, हे सांगायचे राहून गेले होते.